ओळख न पटलेला परजीवी: केसपेपरपासून कोडपर्यंत

डिस्चार्ज समरीवर निदानाच्या रकान्यात एवढंच असतं: ‘पॅरासायटिक इन्फेक्शन’. कोणता परजीवी, शरीरात कुठे, कशावरून ठरवलं, याचा पत्ता नाही. कोडर, म्हणजे निदानाला ठरलेला सांकेतिक क्रमांक लावणारा कर्मचारी, सूची उघडतो, त्याला बी८९ सापडतो, तो टाकतो आणि पुढची फाइल ओढतो. आयसीडी-१० मध्ये, म्हणजे आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात, बी८९ म्हणजे ‘अनिर्दिष्ट परजीवी आजार’. कोड वैध आहे, सॉफ्टवेअर अडवत नाही, त्यामुळे कुणाला काही खटकतही नाही.

माझं मत असं की बी८९ खाली जमा होणाऱ्या बऱ्याच केस मुळात तिथल्या नसतात. काहींना याहून नेमका कोड मिळायला हवा होता आणि काहींना परजीवी आजाराचा कोड लागायलाच नको होता. ‘माहीत नाही’ हेसुद्धा नेमकेपणाने नोंदवता येतं. ते कसं, हे डॉक्टर आणि कोडर दोघांना डोळ्यासमोर ठेवून लिहितो आहे. कोड जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० मधले आहेत. अमेरिकेतली आयसीडी-१०-सीएम जिथे वेगळी वागते तिथे तसं सांगितलं आहे.

पहिली पायरी: नेमकं काय माहीत नाही?

‘ओळख पटली नाही’ या एका वाक्याखाली चार निरनिराळ्या गोष्टी खपतात.

एक, परजीवी दिसला आणि त्याचं कुळही कळलं, पण प्रजाती कळली नाही. उदाहरणार्थ, शौचाच्या नमुन्यात अंकुशकृमीची अंडी. ॲन्सिलोस्टोमा आणि नेकेटर या दोघांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात, त्यामुळे फक्त अंडी पाहून प्रयोगशाळा पुढे जाऊ शकत नाही. टीनियाचंही तेच. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी की गाईच्या, हे अंड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी बाहेर पडलेला कृमीचा तुकडा तपासावा लागतो किंवा रेणवीय चाचणी करावी लागते.

दोन, फक्त गट कळला. ‘कृमीची अळी दिसली’, ‘आदिजीवांचे सिस्ट दिसले’, बस्स. (आदिजीव म्हणजे एकपेशीय परजीवी, सिस्ट म्हणजे त्यांची कवचबंद अवस्था.)

तीन, दिसलं काहीच नाही. रक्तात इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेत, पोट दुखतंय, इतिहास जुळतोय आणि डॉक्टरांना संशय आहे.

चार, तपासणीत काही नाही, डॉक्टरांनाही संशय नाही, पण रुग्ण ठामपणे सांगतो की अंगात किडे आहेत.

फाइल हातात आली की ती या चारपैकी कुठे बसते ते आधी ठरवा. कोड पुस्तकात शोधायची वेळ त्यानंतरची.

दुसरी पायरी: नमुन्याची हकीकत वाचा

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

‘स्टूल रूटीन: नो ओव्हा, नो सिस्ट’ (शौचात अंडी नाहीत, सिस्ट नाहीत) हा शेरा एकाच नमुन्यावरचा असेल तर त्याला फार वजन नाही. बरेच परजीवी रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाहीत. म्हणूनच वेगवेगळ्या दिवशी घेतलेले तीन नमुने, साधारण दहा दिवसांच्या आत, अशी रूढ पद्धत आहे. नमुना किती शिळा होता हेही बघावं लागतं. आदिजीवांची हालचाल करणारी अवस्था, म्हणजे ट्रोफोझोइट, शरीराबाहेर लवकर मरते. पातळ शौचाचा नमुना अर्ध्या तासात आणि अर्धवट घट्ट असेल तर तासाभरात बघायला हवा. तेवढं जमणार नसेल तर तो परिरक्षकात ठेवावा लागतो. बेरियमची तपासणी नुकतीच झालेली असेल किंवा रुग्ण प्रतिजैविकं घेत असेल तरी परजीवी सापडणं अवघड होतं.

रक्ताच्या बाबतीतही वेळेला महत्त्व आहे. हत्तीरोगाच्या बहुतेक प्रकारांत मायक्रोफायलेरिया, म्हणजे त्या कृमींच्या सूक्ष्म अळ्या, रात्री रक्तात उतरतात, त्यामुळे सकाळी अकराला घेतलेली निगेटिव्ह स्लाइड फार काही सांगत नाही. मलेरियाची पहिली स्लाइड निगेटिव्ह आली आणि संशय कायम असेल तर बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा स्लाइड घेतात.

कोडरने हे सगळं का वाचायचं? कारण ‘ओळख पटली नाही’ याचं कारण इथेच सापडतं. ओळख पटवायचा प्रयत्न झाला आणि जमलं नाही, ही एक गोष्ट. प्रयत्नच झाला नाही, ही वेगळी. पहिल्या बाबतीत अनिर्दिष्ट कोड हे प्रामाणिक उत्तर आहे; दुसऱ्या बाबतीत तो फक्त मोकळी जागा भरतो. ऑडिटमध्ये पहिला टिकतो.

डॉक्टरांसाठी: यासाठी चार पानं लिहायची गरज नाही. पुढच्यासारख्या तीन ओळी पुरतात.

‘तीन दिवसांचे तीन शौच नमुने, तिसऱ्यात कृमीची अळी, प्रजाती प्रयोगशाळेला ठरवता आली नाही, नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवला, अहवाल बाकी. इओसिनोफिल वाढलेले. निदान: आतड्यातला कृमिसंसर्ग, प्रकार अनिश्चित.’

एवढ्या मजकुरात कोडरला जागा, गट, पुरावा आणि बाकी असलेला अहवाल, चारही गोष्टी मिळतात.

तिसरी पायरी: माहिती जिथे संपते तिथे थांबा

आयसीडी-१० मध्ये अनिर्दिष्ट कोड एकच नाही. प्रत्येक पातळीवर वेगळा आहे. तुमची माहिती ज्या पातळीपर्यंत पोचते तिथला घ्यायचा, त्याखाली उतरायचं नाही.

कुळ कळलं असेल तर त्या कुळातला ‘.९’ घ्या. अंकुशकृमी पण प्रकार माहीत नाही: बी७६.९. टीनिया पण प्रजाती माहीत नाही: बी६८.९. नुसतं ‘टेपवर्म’ लिहिलंय, टीनिया म्हटलेलंच नाही: बी७१.९. फायलेरिया पण कोणता ते नाही: बी७४.९. लिशमेनिया: बी५५.९. त्वचेखाली सरकणाऱ्या अळीचा वळणावळणाचा माग दिसला आणि जास्त तपशील नसेल तर तेही बी७६.९ मध्येच जातं. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि केस थेट बी८९ मध्ये पडते.

फक्त गट कळला असेल तर जागा बघायची. आतड्यातले कृमी, प्रकार माहीत नाही: बी८२.०. आतड्यात परजीवी आहे, पण कृमी की आदिजीव हेही माहीत नाही: बी८२.९. कृमी आहेत पण आतड्यातले म्हटलेलं नाही: बी८३.९. दोन-तीन प्रकारचे कृमी एकत्र असतील तर ‘अनिर्दिष्ट’ नव्हे, बी८१.४ हा मिश्र संसर्गाचा कोड आहे.

आदिजीवांच्या बाबतीत एक हमखास फसणारी जागा आहे. आदिजीवजन्य आजारांचा गट बी५० ते बी६४ असा आहे आणि त्याच्या शेवटी बी६४ हा अनिर्दिष्ट कोड आहे. पण आतड्यातले आदिजीव या गटात येतच नाहीत. अमीबा ए०६ मध्ये, जिआर्डिया ए०७.१ मध्ये, आणि ‘प्रोटोझोअल डायरिया’ एवढंच लिहिलं असेल तर ए०७.९. ट्रायकोमोनासही ए५९ मध्ये आहे. बी६४ लावण्याआधी दर वेळी ही खात्री करून घ्या.

त्वचेवरचे परजीवी वेगळेच. ‘स्किन पॅरासाइट’ एवढाच शेरा असेल तर बी८८.९, बी८९ नाही.

आता मलेरिया. इथला फरक बारीक आहे, पण साथीच्या आकडेवारीसाठी मोलाचा. स्लाइडवर परजीवी दिसला, पण प्रजाती ठरली नाही: बी५३.८. स्लाइड झालीच नाही किंवा पुष्टी नाही, केवळ लक्षणांवरून मलेरिया म्हटलं: बी५४. दोघांनाही लोक सर्रास बी५४ लावतात आणि मग प्रयोगशाळेत सिद्ध झालेला रुग्ण कागदावर सिद्ध न झालेल्यांत मोजला जातो.

हे सगळं चाळून झाल्यावर, जागाही नाही, गटही नाही, कुळही नाही, पण डॉक्टरांनी परजीवी आजार असं निदान मात्र केलंय, अशी केस उरली तर ती बी८९ ची. अशा केस कमी असतात.

चौथी पायरी: ‘संशय’ या शब्दाचं काय करायचं

जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमानुसार उपचाराचा टप्पा संपतानाही मुख्य निदान ‘संशयित’ असंच राहिलं आणि दुसरी काही माहिती नसेल तर ते सिद्ध झाल्यासारखं कोड करतात. तपासणीत ते नाकारलं गेलं तर झेड०३ हा निरीक्षणाचा गट.

आयसीडी-१०-सीएम मध्ये मात्र रुग्ण भरती होता की बाह्यरुग्ण, यावर सगळं ठरतं. भरती रुग्णाच्या डिस्चार्जच्या वेळी ‘प्रॉबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘लाइकली’ असे शब्द असतील तर आजार आहे असं धरून कोड करतात. बाह्यरुग्णाला हे चालत नाही. तिथे संशयाचा कोडच नाही. जे लक्षण किंवा जी विकृती प्रत्यक्ष आढळली तिचा कोड. इओसिनोफिल वाढलेत: डी७२.१ चा गट, सीएम मध्ये त्याचे पुढचे उपविभाग. शौचात काही वेगळं आढळलं: आर१९.५. गुदद्वाराशी खाज: एल२९.०. ताप: आर५०.९.

दोन्ही पद्धतींचं काम करणाऱ्यांनी फाइलच्या वरच कोणती लागू आहे ते लिहून ठेवावं. एकाच टेबलावर दोन्ही चालू असतील तर गल्लत ठरलेलीच.

इथेच आणखी एक सापळा. अल्बेंडाझोलची एक गोळी दिली म्हणजे जंत होते असं सिद्ध होत नाही. ही गोळी प्रतिबंधासाठीही देतात, संशयावरही देतात. औषधावरून निदान बांधणं कोडरचं काम नाही. प्रतिबंधात्मक दिली असं स्पष्ट असेल तर झेड२९.२ बघा, काहीच स्पष्ट नसेल तर विचारा.

पाचवी पायरी: अहवाल म्हणजे निदान नव्हे

प्रयोगशाळेचा कागद कितीही ठणठणीत असला तरी उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याचा अर्थ लिहिल्याशिवाय कोडरने त्यातून निदान उचलायचं नसतं. (सीएम मध्ये बाह्यरुग्णाच्या तपासणीला अपवाद आहे: डॉक्टरनेच वाचून दिलेला अंतिम अहवाल कोडिंगच्या वेळी हातात असेल तर त्यातलं पक्कं निदान घेता येतं.) नियम का आहे ते एका उदाहरणात कळेल.

अहवालात लिहिलंय: ‘एंटअमीबा हिस्टोलिटिका/डिस्पार सिस्ट आढळले’. मधली ती तिरपी रेघ फार महत्त्वाची आहे. हिस्टोलिटिका आतड्याला आणि यकृताला इजा करतो; डिस्पार निरुपद्रवी मानला जातो. दोघांचे सिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारखे. फरक करायला प्रतिजन चाचणी किंवा पीसीआर लागतो. ट्रोफोझोइटच्या पोटात तांबड्या पेशी गिळलेल्या दिसल्या तर मात्र कल हिस्टोलिटिकाकडे जातो. आता कोडरने ए०६.९ लावला तर त्याने अमीबियासिसचं निदान स्वतः केलं. रुग्णाला जुलाब दुसऱ्याच कारणाने झालेले असू शकतात आणि सिस्ट निरुपद्रवी पाहुण्याचे असू शकतात. हा निर्णय डॉक्टरांचाच, आणि तो लिहिलेला हवा.

सिरॉलॉजीचं, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांच्या चाचण्यांचं, असंच. प्रतिपिंडं पॉझिटिव्ह म्हणजे कधीतरी संबंध आला असेल. आत्ता संसर्ग आहे असं त्यावरून म्हणता येत नाही. कृमींच्या चाचण्यांत एकाची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या चाचणीत पॉझिटिव्ह दाखवतात, हाही घोळ असतो.

अमेरिकी क्लेमवर (विम्याच्या दाव्यांवर) काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: सीपीटी, म्हणजे तिथे तपासण्या-उपचारांना लावायचे कोड, त्यात अंडी-परजीवी तपासणीचा ८७१७७, त्यावर ट्रायक्रोमसारखं विशेष रंजन केलं तर ८७२०९, सुतकृमीच्या चिकटपट्टी तपासणीचा ८७१७२. ८७१७७ सोबत ८७०१५ लावत नाहीत, कारण नमुना सांद्रित करण्याचं काम त्यात धरलेलंच आहे. आणि तपासणी निगेटिव्ह आली तर तिच्याशी जोडायचा कोड लक्षणाचा. ‘परजीवीची तपासणी होती म्हणून परजीवीचा कोड’ हा उलटा न्याय झाला.

सहावी पायरी: विचारायचं कसं

क्वेरी, म्हणजे डॉक्टरांना विचारायचा लेखी प्रश्न, पाठवताना उत्तर सुचवायचं नाही. ‘सर, हा अमीबियासिसच ना? कृपया लिहून द्या’ ही क्वेरी नाही, सहीची मागणी आहे. पुरावा मांडा, पर्याय द्या, ‘अन्य’ आणि ‘ठरवता येत नाही’ हेही पर्यायांत ठेवा, आणि बिलाच्या रकमेचा उल्लेखही करू नका. नमुना असा:

‘दुसऱ्या दिवसाच्या शौच अहवालात एंटअमीबा हिस्टोलिटिका/डिस्पार सिस्ट असा शेरा आहे. रुग्णाला पाच दिवस जुलाब. मेट्रोनिडाझोल दिलं आहे. डिस्चार्ज समरीत “पॅरासायटिक इन्फेक्शन” असं निदान आहे. आपल्या वैद्यकीय मतानुसार या अहवालाचा अर्थ कृपया नोंदवावा: आतड्याचा अमीबियासिस / निरुपद्रवी वसाहत, जुलाबाचं कारण अन्य (कृपया लिहावे) / आदिजीवजन्य जुलाब, प्रकार अनिश्चित / अन्य / वैद्यकीयदृष्ट्या ठरवता येत नाही.’

उत्तर फोनवर मिळालं तर ते उत्तर धरायचं नाही. नोंद डॉक्टरांनी केसपेपरमध्ये, तारीख-वेळेसह केलेली हवी.

सातवी पायरी: सोबतचे कोड आणि क्रम

हा भाग भरभर.

गरोदर स्त्री असेल तर ओ९८ आधी येतो: आदिजीव असेल तर ओ९८.६, कृमी व इतर परजीवी ओ९८.८, अनिर्दिष्ट ओ९८.९, परजीवीचा कोड, माहीत असेल तेवढा, त्याच्या जोडीला. एचआयव्हीमुळे झालेला संसर्ग असेल तर बी२० आधी. जागतिक आवृत्तीत बी२०.८ आणि बी२०.९ आहेत, सीएम मध्ये नुसता बी२० आणि पुढे संसर्गाचा कोड.

आयसीडी-१० मध्ये मूळ आजाराच्या कोडला खंजीरचिन्ह (†) आणि अवयवातल्या परिणामाच्या कोडला तारा (*) असतो. अवयवाचा कोड असा तारांकित असेल तर तो कधीही पहिला येत नाही. परजीवी आजारातल्या न्यूमोनियाचा जे१७.३ किंवा स्नायुदाहाचा एम६३.१ लावायचा तर आधी मूळ आजाराचा खंजीरचिन्हाचा कोड हवा, मग तो अनिर्दिष्ट का असेना. अंकुशकृमींमुळे रक्त जाऊन लोहाची कमतरता झाली, असा संबंध डॉक्टरांनी लिहिलेला असेल तर डी५०.० जोडा. संबंध लिहिलेला नसेल, नुसतं हिमोग्लोबिन कमी दिसत असेल, तर हात आवरा.

आठवी पायरी: रुग्ण सांगतो, तपासणी सांगत नाही

चौथ्या प्रकारातल्या केस नाजूक असतात. रुग्ण डबीत, चिकटपट्टीवर काहीतरी घेऊन येतो: धागे, खपल्या, केस, शौचातला श्लेष्म. वनस्पतीचे तंतू आणि न पचलेलं अन्न कृमीसारखं दिसू शकतं, त्यामुळे नमुना न बघता बाजूला ठेवणंही चूक. तो तपासायला पाठवा आणि अहवाल फाइलला लावा.

नोंदीत रुग्णाचं म्हणणं त्याच्याच शब्दांत, अवतरणात ठेवा: ‘त्वचेखाली काहीतरी सरकतं असं रुग्ण सांगतो’. तपासणीत काय दिसलं ते वेगळ्या ओळीत. या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळल्या की पुढचा वाचणारा ‘त्वचेखाली परजीवी’ असं समजून मोकळा होतो आणि रुग्णाच्या इतिहासाला तो शेरा कायमचा चिकटतो.

कोड लक्षणाचा: खाज असेल तर एल२९.९, मुंग्या आल्यासारखं, सरसरल्यासारखं वाटत असेल तर त्या संवेदनेचा आर२० मधला. भ्रमजन्य परजीवी बाधेचं निदान, एफ२२.० (सीएम मध्ये एफ२२), डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत लिहिलं तरच. कोडरने अंदाजाने तो लावणं हे बी८९ लावण्याहूनही वाईट. रुग्ण फक्त घरातल्या खरजेच्या रुग्णाशी संपर्क आला म्हणून दाखवायला आला असेल तर झेड२०.७ आहेच.

नववी पायरी: उशिरा आलेला अहवाल

संदर्भ प्रयोगशाळेचा निकाल अनेकदा रुग्ण घरी गेल्यावर येतो. त्यासाठी अहवाल बाकी असलेल्या फाइलींची वेगळी यादी ठेवा. नाव-क्रमांक, कुठे पाठवलं, कधी पाठवलं, कुणाला विचारायचं. निकाल आला की तो आधी डॉक्टरांकडे जातो, थेट कोडरकडे नाही. डॉक्टर पुरवणी नोंद करतात, त्या दिवसाच्या तारखेने. जुनी नोंद खोडायची नाही, जुन्या तारखेने नवी घुसवायची नाही. डिस्चार्जच्या दिवशी ‘प्रकार अनिश्चित’ हेच खरं होतं आणि ते तसंच दिसायला हवं.

मग कोड बदला: बी८२.० चा, समजा, स्ट्रॉन्जिलॉइडिस निघाला तर बी७८ मधला. क्लेम गेलेला असेल तर दुरुस्त क्लेम पाठवा. आजार कळवणं बंधनकारक असेल तर ती नोंदही सुधारा. आणि रुग्णाला कळवलं का, हे फाइलमध्ये बघा. स्ट्रॉन्जिलॉइडिस वर्षानुवर्षं अंगात टिकतो, आणि पुढे कधी रुग्णाला स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर तो जीवघेणा पसरू शकतो. कळवल्याची नोंद नसेल तर कोड बदलून फाइल बंद करू नका, डॉक्टरांकडे परत पाठवा.